न विचारता वाचवलेला माणूस

प्रश्न सरळ आहे, उत्तर सरळ नाही. स्वतःच्याच जिवावर उठलेला माणूस दवाखान्यात आणला. शुद्धीत आहे. म्हणतो, मला हात लावू नका. डॉक्टरनं लावावा का?

मी म्हणतो, लावावा. ज्यांना हात लावायला पिढ्यान्‌पिढ्या नकार मिळाला त्यांच्यातला मी. 'त्याची मर्जी' म्हणून कुणाला मरू देणं मला पटत नाही. आणि त्या घटकेला त्याच्या तोंडून कोण बोलतं? कर्ज बोलतं, अपमान बोलतो, आजार बोलतो. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही जीव वाचवण्यापुरती ही मुभा देतो. पण ७२ तासांपर्यंतच, आणि त्यात विजेचे झटके द्यायचे नाहीत.

पण 'तुझ्या भल्यासाठी' हे शब्द ऐकले की माझे कान टवकारतात. आमचं भलं आम्हाला न विचारता ठरवणारे लई पाहिलेत. याच देशात ३०९ कलम होतं : वाचलास तर वर्षापर्यंत कैद. इरोम शर्मिला २००० साली लष्कराच्या विशेषाधिकार कायद्याविरुद्ध उपोषणाला बसली. मला मरायचं नाही, असं ती सांगत होती. तरी तेच कलम लावून २०१६ पर्यंत नाकातल्या नळीनं तिला जगवलं. तिची मागणी मात्र मानली नाही. २०२४ ला ३०९ गेलं, तर नव्या संहितेत २२६ आलं : सरकारी माणसावर दबाव आणायला जीव द्यायला निघालास तर गुन्हा.

म्हणजे जबरदस्ती कुणासाठी, ते बघायचं. रोग्याच्या जिवासाठी, की सरकारच्या सोयीसाठी?

जीव वाचला की जबरदस्ती संपली पाहिजे. मग त्याच्याजवळ बसून विचारायचं : काय झालं? कुणी केलं? पुढं काय पाहिजे? 'हौसेनं केलंस ना, भोग' म्हणत टाके घालणं हा उपचार नव्हे, ती शिक्षा.

साच्यावर तार तुटली की आम्ही आधी सांधतो, मग ताण कुठं बसतोय ते बघतो. नुसतं सांधत बसलं तर ती पुन्हा तुटते. त्याच २०१७ च्या कायद्याच्या ११५ कलमानं पुढची काळजी आणि पुनर्वसन सरकारवर बंधनकारक केलंय. पायल तडवी २०१९ ला मुंबईत गेली. ती स्वतः डॉक्टर होती, रुग्णालयातच शिकत होती. जातीवरून छळ झाला, असं तिच्या घरचे सांगतात. औषधं, डॉक्टर सगळं भोवती होतं.

तेव्हा वॉर्डात जाल तिथं दोन्ही मागा. आधी जीव वाचवा म्हणा, मग त्याचं ऐका म्हणा. न विचारता वाचवलं, तर वाचवल्यावर विचारायचं देणं लागतं. ते फिटल्याशिवाय उपचार पुरा झाला असं मी मानत नाही.