आणून लावलेले झाड

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात संत फिलोमिना यांचे महामंदिर आहे; १९३३ साली त्याची कोनशिला बसली. त्या परिसरातील एका अंगणात मी नुकतेच आणून लावलेले पेरूचे रोप पाहिले. माती ओलीचिंब, तरी पानांनी माना टाकलेल्या.

कारण साधे आहे. पाणी शोषून घेतात ती मुळांच्या टोकांजवळची केसांसारखी सूक्ष्म मूलरोमे, आणि रोप उपटताना नेमकी तीच तुटतात. वर पानांतून वाफ निघून जातच असते. एरवी त्याच ओढीने जलवाहिन्यांतील पाणी वर चढते. खालून पुरवठा नाही, मग पाने सुकणारच. नवी मुळे फुटण्यास लागणारे अन्न मात्र पानांतच सिद्ध होऊन रसवाहिन्यांवाटे खाली उतरते. म्हणून माळी काही दिवस रोपावर सावली धरतो.

पहिल्या स्तोत्रातील झाडासाठी मूळ इब्री शब्द ‘शातूल’ असा आहे. आपण ‘लावलेले’ म्हणतो. परंतु एका जागेहून काढून दुसरीकडे लावलेले, असा त्याचा अर्थ पुष्कळ अभ्यासक घेतात. (तेथील ‘प्रवाह’ही बहुधा खोदलेले पाटच.) यिर्मया सतराव्या अध्यायात, बंदिवासाच्या सावटाखाली, तोच शब्द योजतो.

नोकरीसाठी गाव सोडून परभाषिक मंडळीत आलेले एखादे कुटुंब तुमच्या शेजारच्या बाकावर बसत असेल. दोन रविवारी ते दिसले नाही की आपण त्यांच्या विश्वासाचे माप काढू लागतो. वचनाची वाण नाही, माती ओलीच आहे. तुटली आहेत ती मूलरोमे. येत्या रविवारी त्यांना आपल्या घरी जेवावयास बोलवाल काय?