उत्तरभागाची नैतिकता

जिवंत राहण्यासाठी केलेली कृती विद्रोह केव्हा ठरते? आणि ती तशी ठरवली गेल्यावर त्या अर्थाचे ओझे कर्त्याने वाहिलेच पाहिजे काय? कादंबरीच्या पूर्वभागापेक्षा उत्तरभागात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. पूर्वभागात कृती घडते. उत्तरभागात इतरेजन तिचा अर्थ लावतात. सुझान कॉलिन्स यांची कुमार वाचकांसाठी लिहिलेली डिस्टोपियन कादंबरी ‘कॅचिंग फायर’ (२००९) या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. ‘द हंगर गेम्स’ (२००८) या पूर्वभागात १६ वर्षांची कॅटनिस स्वतःचा आणि पीटाचा जीव वाचवण्यासाठी विषारी फळे तोंडाशी नेते आणि सत्तेला माघार घ्यावी लागते. उत्तरभागात तीच फळे पिळलेल्या प्रांतांसाठी बंडाची खूण होतात. मुलगी मात्र घरच्यांचा जीव कसा वाचेल, याच विवंचनेत असते.

डिस्टोपियाची रूढ व्याख्या भविष्याकडे बोट दाखवते. सातारा-सांगलीच्या वाचकाला हे अंतर तितके दूरचे वाटू नये. अण्णा भाऊ साठे वाटेगावचे. हे गाव त्या काळी सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. त्यांच्या ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीतील मांग समाज ज्या व्यवस्थेत जगतो, तिच्यामागे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा उभा आहे. तो १९५२ मध्ये रद्द झाला. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या आणि रोजच्या हजेरीने बांधलेल्या माणसांच्या दृष्टीने कॉलिन्स यांची कल्पनासृष्टी ही भविष्यवाणी नसून स्मृती आहे.

‘फकिरा’च्या पोटातच एक उत्तरभाग आहे. राणोजी गावासाठी जोगणी आणताना मारला जातो. पुढची कथा त्याच्या मुलाची आहे. दुष्काळात फकिरा धान्य लुटतो ते भुकेल्या माणसांसाठी. येथे जगणे आधी येते, विद्रोह मागाहून. अखेरीस सत्ता त्याच्या माणसांना ओलीस धरते, तेव्हा तो त्यांच्या सुटकेसाठी स्वतःला स्वाधीन करतो. आपल्या कृतीच्या परिणामांचे उत्तरदायित्व तो स्वतः पत्करतो.

कॅटनिसला ही संधीच दिली जात नाही. रिंगणातील काही सहकारी तिला वाचवण्याच्या कटात सामील होते, हे तिला कादंबरीच्या शेवटी कळते. तिला मात्र काहीच सांगितलेले नसते. या लपवाछपवीचे समर्थन करता येते. ज्याला ठाऊक नाही, त्याच्याकडून छळ करूनही काही वदवता येत नाही. भूमिगत चळवळीचा अनुभव असलेल्या प्रदेशाने तरी हे समर्थन सहज झिडकारू नये.

पण याच प्रदेशाच्या इतिहासात त्याचे उत्तरही आहे. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारच्या काळात, १९४३ मध्ये, त्यांची कन्या हौसाबाई यांनी भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवराबायकोच्या भांडणाचे सोंग वठवले. पोलिसांचे लक्ष तिकडे वेधले गेले आणि सहकाऱ्यांनी बंदुका पळवल्या. हौसाबाई तेव्हा १७ वर्षांच्या होत्या. कॅटनिसही प्रेमाचे सोंग वठवते. दोन्ही सोंगे सत्तेच्या डोळ्यांसमोर होतात. परंतु आपण हे कोणासाठी करतो आहोत, हे हौसाबाईंना ठाऊक होते. योजना लपवणे आणि हेतू लपवणे यांतील भेद येथे स्पष्ट होतो. निरोप नेणाऱ्याला पुढचा मुक्काम ठाऊक नसला तरी चालते. आपण कोणाचा निरोप नेतो आहोत हे ठाऊक नसेल, तर तो माणूस उरत नाही, साधन होतो.

यावर एक आक्षेप संभवतो. ज्या मुलीचा बाप भूमिगत आहे, ज्या घरावर सरकारचा डोळा आहे, तिची संमती कितपत मुक्त म्हणायची? आक्षेप खरा आहे. वारशाने आलेला विद्रोह पूर्णपणे निवडलेला नसतो, फकिराचाही नव्हता. परंतु अपुरी संमती आणि संमतीचा अभाव या दोन गोष्टी एक नव्हेत. उलट, परिस्थितीने निवड जितकी आक्रसलेली, तितके उरलेल्या निवडीचे मोल अधिक. कॅटनिसकडून नेमके तेवढेच काढून घेतले जाते, आणि तेही तिच्या बाजूच्या माणसांकडून.

हा प्रश्न अखेर समीक्षेपाशी येऊन ठेपतो. समीक्षा हीसुद्धा कृतीचा उत्तरभागच लिहीत असते. फकिराला ‘विद्रोही नायक’ म्हणताना त्याने लुटलेले धान्य कोणाच्या चुलीवर शिजले, याचा विसर पडला, तर आपणही भुकेचे परस्पर प्रतीक करून टाकतो. प्रतीकाला पोट नसते. जगण्याची धडपड आणि तिला आपण दिलेले नाव यांतील अंतर संहितेच्या वाचनात जपणे, ही म्हणूनच केवळ वाचनपद्धती नाही. ती त्या माणसांप्रती असलेली जबाबदारी आहे.