ओढ्याचा हुकूम

जपानच्या क्यूशू बेटावर, ओइता प्रांतातील हिता या लाकडाच्या व्यापारावर पोसलेल्या शहरापासून जो रस्ता सूचिपर्णी वृक्षांच्या दाट राईतून वळणे घेत डोंगरात चढतो, त्याच्या टोकाशी ओंता नावाची कुंभारवाडी आहे. आणि तिची छपरे दृष्टीस पडण्यापूर्वीच तिचा आवाज कानी येतो. आधी लाकडाची दीर्घ करकर, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग जमिनीतून उठल्यासारखा एक जड ठोका. रात्री-अपरात्रीही तो थांबत नाही, कारण तो करणारा कोणी माणूस नव्हे.

हा आवाज ओढ्यावर बसवलेल्या उखळांचा आहे. एका जाड, लांब ओंडक्याच्या एका टोकास खोल डोणी कोरलेली असते व दुसऱ्या टोकास मुसळ बसवलेले असते. पाटाचे पाणी डोणीत भरत गेले की ते टोक भाराने खाली झुकते, पाणी सांडते, आणि हलका झालेला ओंडका उलट फिरून मुसळ खालच्या मातीवर आदळतो. इथल्या डोंगरातली माती अर्धी खडकाच्या जातीची. तिचे पीठ होण्यास दोनतीन आठवडे हा मारा सोसावा लागतो. पुढे ती पाण्यात कालवून, गाळून, निवळवून आणि सुकवून चाकालायक करावयाची. हे बरेचसे काम घरातल्या बायका करतात, आणि कलेच्या कौतुकात त्यांचा उल्लेख शेवटच्या ओळीत येतो, हेही इथेच नमूद केलेले बरे.

१७०५ साली शेजारच्या कोइशिवाराहून आलेला एक कुंभार, भांडवल पुरवणारा एक गृहस्थ आणि जमीन देणारे एक घराणे अशा तिघांच्या मेळाने ही वस्ती उभी राहिली, आणि आज चाकावर बसणारी जी दहाएक घरे आहेत ती बहुतेक त्याच मूळ घराण्यांच्या शाखा आहेत. वहिवाट अशी की, माती सर्वांनी मिळून खणावयाची व सारखी वाटून घ्यावयाची. घरटी चाके दोनच, एक बापाचे व एक मुलाचे. बाहेरचा उमेदवार शागीर्द म्हणून घ्यावयाचा नाही. आणि भांड्यावर करणाऱ्याचे नाव घालावयाचे नाही, शिक्का असलाच तर गावाचा. डोंगरउतारावर चढत गेलेली अनेक कोठ्यांची सामाईक भट्टी आहे.

यानागी सोएत्सु १९३१ साली इथे आले. लोककलेच्या चळवळीचे हे तत्त्वचिंतक. पुढे १९३६ साली तोक्योत त्यांनी लोककलांचे संग्रहालय स्थापिले. जिथे करणाऱ्याचा अहंकार गळून पडतो तिथे सौंदर्य आपोआप उतरते, हा त्यांचा सिद्धान्त, आणि त्याचे सगुण रूपच जणू त्यांना या खोऱ्यात भेटले. त्यांच्या मागोमाग १९५४ साली इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच येथे काही आठवडे राहून गेले. पाण्याच्या सुरईला कान ओढून कसा लावावा हे त्यांनी इथल्या कुंभारांना दाखविले, आणि आज तो कान परंपरेचाच भाग समजला जातो. परंपरा इतकी उदार असते, फक्त तिचे रक्षक तसे नसतात.

यानागींचा आदर राखूनही मला त्यांचे म्हणणे पुरते पटत नाही. ओंत्याचा कुंभार निरहंकारी असेलही. परंतु एखाद्या सबंध गावाने तीन शतके विनयशील राहावे, इतका भरवसा मनुष्यस्वभावावर ठेवता येत नाही. चाकाशी बसलेल्या माणसाकडे पाहावे. पांढऱ्या मातीचा पातळ लेप दिलेली ताटली जरा आवळली की तो ती पुन्हा चाकावर चढवितो, आणि लवचिक पोलादी पट्टीचे वाकविलेले टोक फिरत्या पृष्ठावर अलगद टेकवितो. पट्टी आपल्या ताणाने उसळते, पडते, पुन्हा उसळते, आणि जिथे जिथे ती टेकते तिथे तिथे लेप खरवडला जाऊन खालची काळसर माती उघडी पडते. बोटभर अंतरात दहापंधरा ठिपके, आणि कुठलेही दोन सारखे नाहीत. पाहता पाहता ताटली पुरी होते. एवढा चपळ हात दिवसाकाठी किती ताटल्या करू शकेल याचा हिशेब कोणीही करील. मात्र तितकी माती त्याच्यापाशी नसते. ती ओढा देतो तेवढीच, आणि ओढ्याला घाईची अर्जी करता येत नाही. विजेची चक्की आणण्याची वाट जगभरच्या कुंभारांनी धरली. इथे गावाने ती धरली नाही, आणि त्यामुळे एकाने दुसऱ्याच्या फार पुढे जाण्याची सोयच उरली नाही. समता इथे उपदेशाने आलेली नाही, ती मातीच्या तुटवड्याने राखली आहे.

ब्रायन मोरन या सामाजिक मानवशास्त्रज्ञाने या वाडीत राहून जो अभ्यास केला, त्यातून हेच अधिक कठोरपणे दिसते. यानागींच्या लेखनाने आणि लीच यांच्या वास्तव्याने गावाची कीर्ती झाली. मागणी वाढली, भाव चढले, भातशेती सांभाळून कुंभारकी करणारी घरे नुसत्या कुंभारकीवर जगू लागली, आणि एकमेकांना हातभार लावण्याची जुनी निकड कमी झाली. काहींनी तर सामाईक भट्टी सोडून स्वतंत्र भट्ट्या घातल्या. प्रशंसकांनी ज्या गुणासाठी गाव उचलून धरले, त्याच गुणाला त्यांच्या पैशाने ढील पडली. आपल्याकडच्या गावगाड्यातल्या कुंभाराचीही एक मर्यादा होती, पण ती गावाच्या गरजेची: बलुत्यापोटी जितकी मडकी घातली पाहिजेत तितकी घालावयाची. ती गरज पितळ-अॅल्युमिनियमने संपविली तेव्हा त्याच्या हाती कौशल्य राहिले, आधार राहिला नाही. ओंत्याची मर्यादा गिऱ्हाइकाच्या हाती नव्हती, म्हणून ती गिऱ्हाइकांच्या लोंढ्यापुढेही बऱ्याच अंशी टिकली.

१९९५ साली सरकारने या कलेला महत्त्वाच्या अमूर्त सांस्कृतिक ठेव्याची सनद दिली, ती कोणा एका उस्तादाला नव्हे तर कुंभारांच्या मंडळाला, आणि हे योग्यच झाले. जुलै २०१७ च्या अतिवृष्टीत ओढ्याने अनेक उखळे मोडली, तेव्हा गावाने पुन्हा ओंडके कोरून तीच बसविली. यात निष्ठा आहे हे खरे; पण अशा गावात जुनी रीत मोडणाऱ्याला बसणारा शेजाऱ्यांचा वचकही त्या निष्ठेतला मोठा भाग असावा, असे मला वाटते, आणि तसे म्हटल्याने तिचे मोल उणावत नाही.

या व्यवस्थेचा एक खर्च मात्र कोणत्याच ग्रंथात ठळक अक्षरांत मांडलेला नसतो. घरात दोन मुलगे असले तर दुसरे चाक एकालाच मिळते. दुसऱ्याने, त्याच्या बोटांत कितीही कसब असो, उतारावरची वाट धरून हितात किंवा त्याहून दूर नोकरी शोधावयाची. लेकींचा तर प्रश्नच उपस्थित होत नाही. ताटली हातात घेऊन तिच्यावरच्या ठिपक्यांची वाखाणणी करणाऱ्या आम्हां पाहुण्यांनी त्या दुसऱ्या मुलाबद्दल निदान विचारावयास हवे होते. आम्ही भाव विचारला.