तिवारीचं प्रेम

तिवारीचं प्रेम खोटं होतं, असं वाचणारे सरळ म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. ते खोटं असतं तर गोष्ट फार सोपी झाली असती.

तिवारी हा बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेतला रेल्वे कामगार. १९६३ साली आलेल्या त्यांच्या कथासंग्रहाचं नावही हेच. दलित नायक सुरतेजवळच्या उधन्याला नोकरीवर येतो. जात विचारली जाते तेव्हा मोठ्या डौलात बोलतो, पण जात काही सांगत नाही. तिवारी त्याच्या कवितेवर भाळतो, त्याला गुरूच्या जागी बसवतो. पुढे जात कळते आणि तोच तिवारी त्याच्यावर हात टाकतो.

उधना आम्हां पारोळेकरांना लांबचं वाटत नाही. अमळनेर गाठायचं आणि सुरतेची गाडी धरायची. उधना, लिंबायत या भागांत निम्मा खान्देश राहतो. माझे धाकटे दीर तिकडेच लूमवर होते. खोली बघायला गेलं की आधी गाव विचारतात, मग आडनाव, आणि आडनावावरून उलगडा झाला नाही तर हसत हसत 'कोणते पाटील?' असं. हे दिरांनीच मला सांगितलं. त्यामुळे बागुलांच्या नायकाचं ते डौलदार बोलणं मला कधी नाटकी वाटलं नाही. ज्याला भाड्याची खोली हवी असते, त्याला असं बोलावंच लागतं.

निवृत्तीनंतर मी दुपारी घराच्या ओट्यावर कथा वाचून दाखवते. ऐकायला तीनचार बायका, त्यांत शेजारच्या जिजी. त्या शाळेत गेल्या नाहीत, पण पात्रांची झडती त्यांच्याइतकी कुणी घेत नाही. बागुलांच्या आधी आम्ही साने गुरुजी वाचले होते. 'श्यामची आई' कादंबरी म्हणून खपते, खरं तर त्यातलं एकेक प्रकरण, म्हणजे एकेक रात्र, ही एकेक लघुकथाच आहे. १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली. गुरुजी त्याआधी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, म्हणजे आमच्या शेजारचेच.

त्यातली 'अळणी भाजी' आठवते ना? भाजीत मीठ पडलेलं नाही. वडील काही न बोलता जेवतात, पोरंही त्यांचं पाहून गप्प राहतात. आई मागून जेवायला बसते तेव्हा तिला कळतं आणि ती हळहळते. करणारीचं मन दुखवू नये हे वडिलांचं प्रेम, आपल्या हातून माणसांना अळणी गेलं ही आईची बोच. वर्गात मी दोघांनाही थोर म्हणून शिकवत आले. जिजींनी एका वाक्यात निकाल दिला : "भाजीमा मीठ नही शे, इतलंच सांगानं व्हतं." सांगितलं असतं तर तिनं मीठ आणून वाढलं असतं, सगळ्यांचं जेवण चवीचं झालं असतं. ती एवढ्यानं मोडून पडेल असं नवऱ्यानं गृहीत का धरावं? समोरच्याला खरं सोसणार नाही असं आपणच ठरवतो, त्यात प्रेम असतं आणि थोडा अविश्वासही असतो.

आणखी एक रात्र मोळीची. म्हातारी महारीण रस्त्यावर पडली आहे, लाकडांची मोळी कुणी उचलून देत नाही. आई श्यामला पाठवते, देवाला सगळी सारखीच म्हणते, आणि परत आल्यावर आंघोळ कर असंही सांगते. या आंघोळीपाशी मी अडते. आईची कणव खरी आहे, तिनं पोराला लोकांदेखत पाठवलं. पण त्या कणवेला घराच्या उंबऱ्यापाशी पाणी लागतं. गुरुजी स्वतः तिथे थांबले नाहीत. मे १९४७मध्ये विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून ते पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसले. लेखक आपल्या पात्राच्या पुढे निघून गेला, असं मराठीत फार वेळा घडलेलं नाही.

तिवारीकडे परत येण्याआधी थोडं अद्वैत. गुरुजींच्या अमळनेरात १९१६मध्ये प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, अद्वैताच्या अभ्यासासाठी. गुरुजी तिथे शिकले.   अद्वैती ज्याचा आधार घेतात त्या बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य आपल्या बायकोला, मैत्रेयीला, सांगतो की नवरा नवऱ्यासाठी प्रिय होत नाही, आत्म्यासाठी प्रिय होतो. मैत्रेयीच्या जागी मी असते तर आधी चिडलेच असते. म्हणजे सगळं प्रेम आपमतलबीच की! अद्वैती म्हणेल, बाई, आत्मा तुझ्या एकटीचा नाही, दोघांत एकच आहे. तत्त्व म्हणून हे मला मान्य आहे. तिवारीला मात्र नायकात स्वतःचंच मोठं रूप दिसत होतं : कवी, ज्ञानी, आणि म्हणून आपल्यातलाच. त्या रूपावर त्याचं प्रेम होतं, अगदी मनापासून. ते रूप फुटलं तेव्हा आपलंच काही लुबाडलं गेलं असं त्याला वाटलं. मारात एवढी चीड आली ती त्यामुळे. ज्याच्याशी काही देणंघेणं नाही त्याला माणूस इतकं मारत नाही. प्रेम खरं असूनही अधर्माचं असू शकतं, हे मानायला आपण तयार नसतो. खोटं म्हटलं की सुटका होते.

नायकाचंही एक सांगायला हवं. तो गप्प राहतो ते 'अळणी भाजी'तल्या वडिलांसारखं नव्हे. वडील दुसऱ्याला जपतात, हा जीव वाचवतो. दोघांना एकाच मापानं मोजून नायकाला फसवणारा म्हणणारे मला भेटलेत, चांगले शिकलेले. त्यांना उधन्यात खोली शोधायला पाठवावं.

जिजींना तिवारीत रस नाही. त्या काशिनाथवर खूश आहेत. काशिनाथ आपली जात लपवत नाही, कुणी डिवचलं तर सुरा काढतो, आणि शेवटी मार खाणाऱ्या नायकाला तोच सोडवतो. त्याच्या तोंडी प्रेम वगैरे शब्द नाहीत. जिजी म्हणतात, पूर्ण गोष्टीत खरी माया त्या एकाचीच. मी त्यांना विचारलं, नायक आपल्याच जातीचा निघाला म्हणून काशिनाथ धावला. तो दुसऱ्या जातीचा निघाला असता तर? जिजी म्हणाल्या की असले प्रश्न मार न खाल्लेल्यांना सुचतात. मी पुस्तक मिटलं नाही, ते पान पुन्हा वाचायला घेतलं. बागुलांनी याचं उत्तर दिलेलं नाही.