गळा कोणाचा, दुःख कोणाचं

बहिणाबाईची गाणी आमच्या खान्देशात दोन वाटांनी आली. एक पुस्तकाची, दुसरी गळ्याची. पुस्तकाची वाट सगळ्यांना ठाऊक आहे. जळगावजवळच्या असोद्याला 1880 साली जन्मलेली ही बाई. लिहिणं-वाचणं नाही. जात्यावर, शेतात गायची. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ते टिपून ठेवलं. 1951 साली ती गेली, आणि 1952 साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं.

पण गावात पुस्तक उघडणारे थोडे. बाकीच्यांच्या कानात ती शिरली गळ्यातून. आधी 1961 च्या 'मानिनी' सिनेमातून, पुढं यशवंत देवांच्या चालीतल्या उत्तरा केळकरांच्या कॅसेटमधून. ही कॅसेट लागली की निंदणीवरून आलेल्या बाया ओट्याशी थांबायच्या, पदर डोळ्याला लावायच्या.

आमच्या भजनी मंडळात एक म्हातारे बाबा होते. ते म्हणायचे, ''भाऊ, जिनं जातं ओढलं नाही, तिच्या गळ्याला घट्टा कुठून येईल? हे उसनं दुःख आहे.''

बाबांचं बोलणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. गळा शिकलेला, शहरातला. गाणं तरुणपणी विधवा झालेल्या, राबून हात सोललेल्या बाईचं. मग डोळ्यात पाणी येतं ते खरं की खोटं?

मी पुष्कळ विचार केला. मला दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे आमची बोली. आम्ही 'ळ'चा 'य' करतो. डोळ्याला डोया, ओढाळला वढाय. नाटकातले लोक हा 'य' हसू आणायला वापरतात. या गळ्यात तो 'य' हसू होऊन येत नाही, मानानं येतो. आपलं बोलणं कुणीतरी सरळ तोंडानं बोललं, एवढ्यानंसुद्धा माणसाला भरून येतं. धुळ्याकडच्या अहिराणी माणसालाही हे कळेल.

दुसरी गोष्ट, हा गळा रडत नाही. मयताच्या घरी जी बाई मोठ्यानं हंबरडा फोडते तिच्याकडं लोक बघतात. जी गुपचूप चूल पेटवते तिला बघून लोक रडतात. बहिणाबाईनंही दुःखाचा बाजार मांडला नाही. तिनं मोट, पेरणी, घरोट यांतूनच सगळं सांगितलं. गाणारीनं ते ओळखलं आणि हुंदका घातला नाही. त्या मोकळ्या जागेत ऐकणारी आपलं दुःख ठेवते. तो हुंदका बहिणाबाईचा नसतो आणि गाणारीचाही नसतो, ओट्याशी उभ्या असलेल्या बाईचा असतो. म्हणून तो खरा.

उसनं म्हणाल, तर उसनं आहेच. पण पूर्वी पेरणीला बियाणं उसनं नेलं तर सुगीत सवाईनं परत करायची रीत होती. उसनं नेण्यात लाज नव्हती, न फेडण्यात होती. गाणारीनं तर फेडलं. असोद्याचं गाणं सगळ्या महाराष्ट्राच्या कानी पोचवलं.

हिशेब राहतो तो ऐकणाऱ्यांचा. बहिणाबाईचा स्वतःचा आवाज आपल्याला मिळाला नाही. तशा आवाजाच्या बाया तर घरोघर होत्या. पहाटे जात्यावर गायच्या, आणि आपण गडीमाणसं गोधडी डोक्यावर ओढून घ्यायचो. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. ओवी दळणाला बांधलेली, ती दळणासोबत गेली. सगळ्यांच्याच घरी काही सोपानदेव नव्हता.

आता टेपवरच्या गळ्यासाठी डोळे पुसणं सोपं आहे. तिथं आपल्याला काही द्यावं लागत नाही. घरातली बाई तिफणीमागं चालताना, कापूस वेचताना काही गुणगुणली, तर हातातलं काम थांबवून विचारावं, ''माय, हे कुठलं गं? परत म्हण.'' ती आधी लाजेल, मग म्हणेल. आपल्याकडून फेड करायची ती एवढीच आहे, आणि ती अजून करता येते.