पावर हाउसच्या बाजारात

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. नोकरीसाठी इथं आलेल्यांत मराठी घरंही होती. पाळीवरून परतलेल्यांचे कपडे त्या घरांतल्या बायकांनी वर्षानुवर्षं हातानं धुतले. आता अशाच एखाद्या आजींसाठी कपडे धुण्याचं यंत्र घ्यायला कुणी भिलाईतल्याच पावर हाउस भागाच्या बाजारात जाईल, तेव्हा दुकानात चकचकीत पडद्यांची, गाण्यासारखे सूर वाजवणारी यंत्रं पुढे येतील.

मला मात्र कोपऱ्यातलं साधं, दोन टबांचं अर्धस्वयंचलित यंत्र जवळचं वाटतं. धुण्याची मोटर वेगळी, पिळण्याची वेगळी. एक बिघडली तरी दुसरी चालते. फिरवायचा टायमर असतो, त्यामुळे बहुतेक दुरुस्ती गल्लीतल्या मिस्त्रीच्या हातातली. नळाला जोर नसला तर बादलीनं पाणी ओतता येतं, आणि साबणाचं तेच पाणी आधी पांढऱ्या, मग मळक्या कपड्यांना पुरतं. किंमतही कमी. ओले कपडे एका टबातून दुसऱ्यात उचलावे लागतात, हे खरं. आजींची कंबर दुखत असेल तर हा प्रश्न मोठा आहे, तो आधी त्यांनाच विचारा.

पैसे मोजण्यापूर्वी दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: हमी नेमकी कशावर, मोटरवर की सगळ्या यंत्रावर? आणि सुटे भाग इथेच मिळतात का? मग झाकण उघडून आजींना टबाच्या तळापर्यंत हात घालून पाहू द्या.