सत्कृत्याचा गाळ

वाईट कृत्य मनुष्याला सहसा विसरता येत नाही. त्याची टोचणी मागे राहते. सत्कृत्याचे तसे नाही. ते हातून घडले, की आपण समाधानाने हात धुऊन मोकळे होतो. पण सत्कृत्यालाही मागे गाळ राहतो काय? आणि राहिला, तर तो उपसावा कोणी? नळाच्या पाण्याविषयी वाचताना हा प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला.

1908 साली अमेरिकेतील जर्सी सिटी या शहराच्या पाण्यात डॉ. जॉन लील यांनी ब्लीचिंग पावडर मिसळण्यास आरंभ केला. ते पाणी पुरवणाऱ्या कंपनीचे सल्लागार होते. त्यांनी नागरिकांना विचारले नव्हते, की परवानगी मागितली नव्हती! प्रकरण न्यायालयात गेले, आणि 1910 साली न्यायालयाने हा उपाय ग्राह्य धरला. पुढे गावोगावी पाणी गाळून त्यात क्लोरीन घालू लागले, आणि विषमज्वर व पटकी यांनी ओसाड होणारी घरे वाचली. याहून मोठे पुण्य ते कोणते?

परंतु 1974 साली हॉलंडमधील रॉटरडॅम येथे योहानेस रूक या रसायनशास्त्रज्ञाने एक गोष्ट दाखवून दिली. नदीच्या पाण्यात कुजलेल्या पालापाचोळ्याचा अंश असतो. क्लोरीनची त्याच्याशी गाठ पडली, की क्लोरोफॉर्म आणि त्याची भावंडे तयार होतात. शास्त्रज्ञ त्यांना ट्रायहॅलोमीथेन म्हणतात. 1976 साली अमेरिकेत मोठ्या मात्रेत क्लोरोफॉर्म दिलेल्या उंदरांना कर्करोग झाल्याचे आढळले. 1979 साली तेथील सरकारने या द्रव्यांना लिटरमागे 100 मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. आपल्याकडेही 2012 च्या भारतीय मानकात क्लोरोफॉर्मला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

येथे दोन प्रकारची माणसे घाई करतात. पहिला म्हणतो, ‘विषच ते, बंद करा!’ त्याला पटकीची आठवण उरलेली नसते. पटकी एका दिवसात माणूस नेते. हा धोका फार लहान, तोही जन्मभर असे पाणी पिण्याचा. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सांगते, की या द्रव्यांच्या भीतीने जंतुनाशनात कसूर होता कामा नये. दुसरा शहाणा म्हणतो, ‘धोका एवढासा, लोकांना उगाच कशाला सांगता?’ मला या दुसऱ्याची भीती अधिक वाटते. पहिल्याची चूक चारचौघांत होते, म्हणून ती सुधारता येते. दुसऱ्याची चूक दयेचा शेला पांघरून येते.

पाणी पिणाऱ्याला निवड नसते, हे त्या शहाण्याच्या ध्यानात येत नाही. जे बालक वाचले, त्याला आपण वाचलो हे ठाऊक नाही. या पाण्याने कोणी आजारी पडलाच, तर त्यालाही कारण कळणार नाही. ऋण मानणारा नाही आणि गाऱ्हाणे सांगणाराही नाही! अशा ठिकाणी हिशेब ठेवण्याचे काम उपकार करणाऱ्याकडेच येते. ‘मी तुझे प्राण वाचवले’ हे म्हणणे खरे असले, तरी ‘म्हणून बाकीचे विचारू नकोस’ हे त्यातून निघत नाही.

आणि तो हिशेब ठेवला म्हणूनच वाट सापडली. आधी तुरटीने गाळ खाली बसवावा, पाणी नीट गाळावे, पालापाचोळ्याचा अंश काढावा, आणि मग क्लोरीन घालावा. जंतू मरतातच, अपायकारक द्रव्ये मात्र पुष्कळच कमी होतात. म्हणजे दोष एकट्या औषधाचा नव्हता; न काढलेल्या घाणीत औषध ओतण्याचाही होता. आम्हा शिक्षकांना हे चांगले समजावे. मुलाच्या मनातली भीती न काढता त्यावर शिस्त ओतली, की शिस्त तर लागते. पण सोबत काहीतरी कडवट तयार होते आणि ते पुष्कळ वर्षे टिकते.

लक्ष्मीपूजनाला आपण नव्या वह्यांची पूजा करतो. व्यापारी त्या वहीत नुसती जमा लिहीत नाही. खर्चाची बाजूही तितक्याच सुवाच्य अक्षरात लिहितो, आणि त्यामुळे त्याच्या घरी लक्ष्मी रुसत नाही. पुण्याईच्या वहीलाही ती दुसरी बाजू आखलेली असावी, एवढेच माझे म्हणणे आहे.